पटसंख्या आणि पालकांचा आवाज : नाशिक जिल्ह्यातील स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांविषयी पालकांच्या चिंतांचे विवेचन

सारांश

जिल्हा परिषद व महानगरपालिका यांच्या प्राथमिक शाळांची घटती पटसंख्या हा शैक्षणिक प्रशासनापुढील एक महत्त्वाचा प्रश्न आहे. पट कमी म्हणजे शाळेची गरज कमी, असा अर्थ सामान्यतः लावला जातो. प्रस्तुत लेखात नाशिक जिल्ह्याच्या संदर्भात या अर्थाची तपासणी केली आहे. पालकांच्या चिंता कोणत्या आहेत, त्या व्यक्त होण्याचे मार्ग कोणते आहेत आणि बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ ने पालकांना दिलेले स्थान प्रत्यक्षात कितपत वापरले जाते, याचे विवेचन येथे केले आहे. घटता पट हा बऱ्याच अंशी वेळेवर ऐकून न घेतलेल्या पालकांच्या तक्रारींचा परिणाम असतो, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

प्रस्तावना

ऑक्टोबर २०२२ मध्ये नाशिक जिल्ह्याच्या इगतपुरी तालुक्यातील दरेवाडी येथील शाळकरी मुले पालकांसह जिल्हा परिषदेच्या दिशेने निघाली. त्यांच्याबरोबर दप्तरे होती, तशा शेळ्याही होत्या. ‘दप्तर घ्या, बकऱ्या द्या’ ही त्यांची घोषणा राज्यभरातील वृत्तपत्रांनी छापली. भाम धरणाच्या परिसरातील या वस्तीची प्राथमिक शाळा बंद करून मुलांना दुसऱ्या शाळेत पाठविण्याचा निर्णय झाला होता. शाळाच नसेल तर दप्तर काय कामाचे, त्यापेक्षा वळायला शेळ्या द्या, असा त्या घोषणेचा सरळ अर्थ होता. प्रकरण गाजल्यानंतर शाळा पुन्हा सुरू करण्याचा निर्णय घेण्यात आला.

ही घटना एका वस्तीपुरती असली तरी तिने उपस्थित केलेला प्रश्न व्यापक आहे. आपल्या पाल्याच्या शाळेविषयी पालकांना काही म्हणायचे असेल तर ते कोणी, कोठे आणि कधी ऐकून घ्यायचे? पालकांनी मोर्चा काढल्यावरच ते ऐकले जाणार असेल तर कायद्याने निर्माण केलेल्या समित्या व तक्रार निवारणाची व्यवस्था यांचे प्रयोजन काय? या प्रश्नांचा विचार करण्यापूर्वी सार्वजनिक शाळांच्या कारभाराची रचना लक्षात घेणे आवश्यक आहे.

सार्वजनिक शाळांच्या कारभाराची रचना

अमेरिकेत बहुतांश ठिकाणी एका भूभागातील बहुसंख्य सार्वजनिक शाळा एका शालेय मंडळाच्या अखत्यारीत असतात आणि तक्रार कोठे करावी याविषयी पालकांच्या मनात फारसा संभ्रम नसतो. महाराष्ट्रात चित्र वेगळे आहे. नाशिक जिल्ह्यात पंधरा तालुके असून ग्रामीण भागातील बहुसंख्य प्राथमिक शाळा जिल्हा परिषद चालविते. नाशिक व मालेगाव या दोन शहरांत महानगरपालिकांच्या शाळा आहेत. लहान शहरांत काही ठिकाणी नगरपालिकांच्या शाळा आहेत. पेठ, सुरगाणा, कळवण, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी यांसारख्या आदिवासी भागांत आदिवासी विकास विभागाच्या आश्रमशाळा आहेत. याशिवाय खासगी अनुदानित व स्वयंअर्थसहाय्यित शाळा आहेत. एकाच गावातील दोन सख्खी भावंडे दोन वेगळ्या विभागांच्या शाळांत शिकत असल्याची उदाहरणे या भागात दुर्मीळ नाहीत.

जिल्हा परिषदेकडे प्राथमिक शिक्षणाची जबाबदारी येण्यास दीर्घ इतिहास आहे. मुंबई प्रांतात १९२३ च्या कायद्याने प्राथमिक शिक्षणाचा कारभार स्थानिक संस्थांकडे सोपविण्यात आला. १९४७ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने त्याची पुनर्रचना केली आणि महाराष्ट्र जिल्हा परिषदा व पंचायत समित्या अधिनियम, १९६१ नुसार १ मे १९६२ पासून तो जिल्हा परिषदांकडे आला. नाशिक महानगरपालिका १९८२ मध्ये स्थापन झाली आणि शहरातील नगरपालिकांच्या शाळा तिच्याकडे आल्या. महानगरपालिकांची स्वतंत्र शिक्षण मंडळे रद्द करण्याचा निर्णय राज्याने २०१३ मध्ये घेतला. त्यानंतर हा कारभार टप्प्याटप्प्याने महानगरपालिकांच्या शिक्षण विभागांकडे गेला.

या रचनेतील एक विसंगती पालकांच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. शाळेची जबाबदारी स्थानिक संस्थेची असली तरी शिक्षकांची पदे राज्य शासनाच्या संचमान्यतेच्या निकषांनुसार ठरतात, भरती राज्यस्तरावरील पवित्र प्रणालीद्वारे होते आणि वेतनाचा भारही मुख्यतः राज्य शासनच उचलते. परिणामी शिक्षक नसल्याची तक्रार घेऊन पालक मुख्याध्यापकांकडे जातात. ते केंद्रप्रमुखांकडे, केंद्रप्रमुख गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे आणि गटशिक्षणाधिकारी जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे बोट दाखवितात. शिक्षणाधिकारी शासनाकडे पदे मंजूर होण्याची वाट पाहतात. जो ऐकतो त्याच्याकडे अधिकार नाही आणि ज्याच्याकडे अधिकार आहे त्याच्यापर्यंत पालक पोहोचत नाही, अशी ही स्थिती आहे.

सक्तीच्या अर्थातील बदल

पालक व सार्वजनिक शाळा यांच्यातील नाते कायद्याने कसे पाहिले, यात गेल्या शतकात मूलभूत बदल झाला आहे. बडोदा संस्थानात सयाजीराव गायकवाड यांनी १९०६ मध्ये आणि कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. कोल्हापुरात पाल्यास शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंडाची तरतूद होती. शिक्षणापासून पिढ्यान्‌पिढ्या वंचित ठेवल्या गेलेल्या समाजात शिक्षण पोहोचविण्यासाठी त्या काळात अशी सक्ती आवश्यक मानली गेली. ही सक्ती पालकावर होती.

२००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २१-क समाविष्ट झाला आणि सहा ते चौदा वर्षे वयोगटातील बालकांचे शिक्षण हा मूलभूत हक्क झाला. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षण हक्क अधिनियमात ‘सक्ती’ या शब्दाचा रोख बदलला. कलम ८ व ९ नुसार बालकाचा प्रवेश, उपस्थिती व शिक्षणाची पूर्तता यांची खातरजमा करणे हे शासनाचे आणि स्थानिक प्राधिकरणाचे बंधन आहे. बालकास शाळेत दाखल करणे हे पालकाचे कर्तव्य कलम १० मध्ये सांगितले असले तरी त्यासाठी दंडाची तरतूद नाही. पूर्वी शासन पालकास जाब विचारीत असे. आता जाब विचारण्याचा अधिकार पालकाकडे आला. दैनंदिन प्रशासनात मात्र हा बदल अद्याप पुरेसा रुजलेला दिसत नाही. पालक हा अजूनही ‘जागृती’ करण्याचा विषय मानला जातो, हक्कदार म्हणून क्वचितच पाहिला जातो.

पालकांच्या चिंतांचे स्वरूप

पालकांच्या चिंता स्थूलमानाने पाच गटांत मांडता येतात.

पहिली चिंता शिक्षकांच्या संख्येची आहे. शिक्षण हक्क अधिनियमाच्या अनुसूचीनुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत साठ विद्यार्थ्यांपर्यंत दोन शिक्षक असावेत. ६१ ते ९० विद्यार्थ्यांसाठी तीन व ९१ ते १२० साठी चार असे प्रमाण आहे. कागदावर हे प्रमाण पुरेसे वाटते. प्रत्यक्षात दोन शिक्षकी शाळेत चार किंवा पाच इयत्ता असतात. एक शिक्षक बैठकीस, प्रशिक्षणास अथवा माहिती भरण्याच्या कामास गेला की पूर्ण शाळा एका शिक्षकावर येते. कलम २७ नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यांखेरीज अन्य अशैक्षणिक कामे शिक्षकांना देता येत नाहीत. तरीही मतदार याद्यांपासून ऑनलाइन माहितीपर्यंतची कामे शिक्षकांना वर्षभर पुरतात, ही तक्रार पालक आणि शिक्षक दोघेही करतात. येथे दोघांचे हित एकच आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

दुसरी चिंता अंतराची आहे. महाराष्ट्राच्या २०११ च्या नियमांनुसार पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटरच्या आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरच्या परिसरात शाळा असणे अपेक्षित आहे. परंतु इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ व सुरगाणा या सह्याद्रीच्या कुशीतील तालुक्यांत एक किलोमीटर अंतर सर्व ऋतूंत सारखे नसते. पावसाळ्यात ओहोळ भरून वाहतो, पाऊलवाट निसरडी होते आणि सहा वर्षांच्या मुलास शेताच्या बांधावरून एकटे पाठविण्यास आई धजावत नाही. नकाशावरील अंतर आणि मुलाने चालावयाचे अंतर यांतील फरक पालकच जाणतात.

तिसरी चिंता भाषा व माध्यमाची आहे. राज्यात जून २००० पासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी विषय शिकविण्यास प्रारंभ झाला. पुढे अनेक शाळांत सेमी-इंग्रजीचे वर्ग सुरू झाले. महाराष्ट्र स्वयंअर्थसहाय्यित शाळा अधिनियम, २०१२ नंतर इंग्रजी माध्यमाच्या खासगी शाळा निमशहरी भागांतही वाढल्या. सिडको, सातपूर, पंचवटी यांसारख्या वसाहतींतील कामगार पालकांपासून निफाड तालुक्यातील द्राक्ष बागायतदारांपर्यंत अनेकांनी मुलांना इंग्रजी माध्यमाकडे वळविले. दुसऱ्या टोकाला कोकणा, वारली किंवा महादेव कोळी कुटुंबातील बालकास प्रमाण मराठी हीच पहिल्या दिवशी परकी वाटते. कलम २९ मध्ये शक्यतो मातृभाषेतून शिक्षण असे तत्त्व आहे, पण आदिवासी पालकांची ही अडचण फारशी चर्चिली जात नाही.

चौथी चिंता शिकण्याच्या पातळीची आहे. मूल पाचवीत गेले तरी त्यास नीट वाचता येत नाही, हे निरक्षर पालकाच्याही लक्षात येते. कोणत्याही विद्यार्थ्यास आठवीपर्यंत अनुत्तीर्ण न करण्याच्या तरतुदीविषयी पालकांमध्ये नाराजी होती. २०१९ मध्ये अधिनियमात दुरुस्ती झाली आणि त्यानुसार महाराष्ट्राने डिसेंबर २०२३ मध्ये पाचवी व आठवीसाठी वार्षिक परीक्षेची तरतूद केली. परीक्षेने पातळी मोजता येते. ती वाढविण्याचा प्रश्न मात्र शिक्षक व अध्यापनवेळ यांच्याशीच निगडित राहतो.

पाचवी चिंता स्थलांतरित पालकांची आहे. दिवाळीनंतर पेठ व सुरगाणा भागांतील कुटुंबे दिंडोरी व निफाडच्या द्राक्षबागांवर, वीटभट्ट्यांवर किंवा ऊसतोडीवर जातात. मूल मागे ठेवावे तर सांभाळणार कोण आणि बरोबर न्यावे तर शाळा बुडते. हंगामी वसतिगृहांची योजना यासाठीच आहे आणि कलम ९ ने स्थलांतरित कुटुंबांतील बालकांना प्रवेश देण्याचे बंधन स्थानिक प्राधिकरणावर घातले आहे. तथापि ज्यांचा मुक्काम वर्षातून दोनदा बदलतो, त्यांचा आवाज कोणत्याच गावच्या शाळेत ऐकू येत नाही.

शाळा सोडणे आणि आवाज उठविणे

असमाधानी पालक काय करतात, हे समजण्यासाठी अर्थशास्त्रज्ञ अल्बर्ट हर्शमन यांचे १९७० मधील विवेचन उपयुक्त ठरते. कोणत्याही संस्थेचा दर्जा घसरू लागला की तिच्याशी संबंधित माणसापुढे दोन मार्ग असतात, असे ते म्हणतात. एक म्हणजे संस्था सोडून जाणे आणि दुसरा म्हणजे तेथेच राहून आवाज उठविणे. सार्वजनिक शाळांचे उदाहरण त्यांनी स्वतः दिले आहे. गुणवत्तेविषयी सर्वाधिक जागरूक असणारे पालकच प्रथम शाळा सोडतात. त्यामुळे शाळा सुधारण्यासाठी ज्यांनी आवाज उठविला असता तेच तिच्यापासून दूर जातात.

नाशिकच्या संदर्भात हे विवेचन तंतोतंत लागू पडते. ज्या गावात सरपंच, शिक्षक, दुकानदार आणि बागायतदार यांची मुले गावच्या शाळेत शिकत होती, त्या गावात शाळेचे छत गळू लागले की ग्रामसभेत चर्चा होत असे. पिवळी बस गावात येऊ लागली आणि हीच मुले तालुक्याच्या ठिकाणी जाऊ लागली. मागे राहिली ती शेतमजूर, स्थलांतरित व अल्पभूधारक कुटुंबांची मुले. त्यांच्या पालकांस शाळेत जाऊन प्रश्न विचारण्यास ना सवड असते ना धाडस. पट कमी होतो आणि त्याबरोबर शाळेविषयी बोलणाराही कमी होतो. यांतील दुसरी घट कोणत्याही प्रपत्रात नोंदविली जात नाही.

हे सोडून जाणे नेहमी कायमचे नसते. ‘असर’ अहवालांनुसार ग्रामीण भारतात सहा ते चौदा वयोगटातील शासकीय शाळांत दाखल मुलांचे प्रमाण २०१८ मध्ये ६५.६ टक्के होते. करोनाच्या साथीनंतर २०२२ मध्ये ते ७२.९ टक्के झाले आणि २०२४ मध्ये पुन्हा ६६.८ टक्क्यांवर आले. उत्पन्न घटले तेव्हा पालक परत आले आणि परिस्थिती सावरताच पुन्हा गेले. परत आलेल्या पालकांना थांबवून ठेवण्याची ती संधी होती. ती बहुतेक ठिकाणी साधली गेली नाही, असे या आकड्यांवरून दिसते.

खासगी शाळांतील २५ टक्के राखीव जागांविषयीचा वादही याच संदर्भात पाहावा लागतो. शासकीय किंवा अनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आतील खासगी शाळांना या प्रवेशांतून सूट देणारी अधिसूचना राज्याने फेब्रुवारी २०२४ मध्ये काढली. मुंबई उच्च न्यायालयाने ती १९ जुलै २०२४ रोजी रद्द ठरविली. घराजवळ सार्वजनिक शाळा असूनही दुर्बल घटकांतील पालक खासगी शाळेसाठी न्यायालयापर्यंत जातात, याचा अर्थ शाळेचे जवळ असणे त्यांना पुरेसे वाटत नाही.

पटसंख्येचे अंकगणित

शासनाची बाजूही समजून घेतली पाहिजे. सात-आठ विद्यार्थ्यांच्या शाळेत दोन शिक्षक नेमणे खर्चिक आहे. अशा शाळेत मुलांना समवयस्कांचा सहवास, खेळ व स्पर्धा मिळत नाहीत, हा युक्तिवाद निराधार म्हणता येणार नाही. पट हा आकडा नेहमीच विश्वसनीय होता असेही नाही. ऑक्टोबर २०११ मधील राज्यव्यापी पटपडताळणीत बनावट पटाचा प्रश्न मोठ्या प्रमाणावर उघड झाला होता. डिसेंबर २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पट असलेल्या १,३१४ शाळा बंद करून मुलांना जवळच्या शाळांत सामावून घेण्याचा निर्णय राज्याने घेतला. सप्टेंबर २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या जागी समूह शाळा उभारण्याविषयी प्रस्ताव मागविण्यात आले. अशा शाळांची संख्या तेव्हा राज्यात चौदा हजारांहून अधिक व त्यांतील विद्यार्थी सुमारे १ लाख ८५ हजार होते. म्हणजे एका शाळेत सरासरी बारा ते तेरा मुले. नंदुरबार जिल्ह्यातील तोरणमाळ व पुणे जिल्ह्यातील पानशेत येथील प्रयोग त्यासाठी आदर्श म्हणून पुढे करण्यात आले. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने संचमान्यतेचे निकष बदलले. कमी पटाच्या शाळांतील पदे त्यामुळे घटतील, या भीतीने शिक्षक संघटनांनी त्यास विरोध केला.

या अंकगणितातील उणीव अशी की त्यात पट हे कारण मानले जाते. वास्तविक तो परिणाम आहे. एक शिक्षक निवृत्त होतो, त्याची जागा भरली जात नाही, पालक चार मुलांना अन्यत्र नेतात, पट घटतो आणि घटलेल्या पटामुळे पुढील वर्षी तेच पद रद्द होते. पद रद्द झाल्याने आणखी पालक जातात. हे चक्र पूर्ण झाल्यावर शाळा बंद करण्याचा प्रस्ताव येतो. त्या प्रस्तावात पटाचा रकाना असतो, पट का घटला याचा मात्र नसतो.

याउलट उदाहरणेही याच जिल्ह्यात आहेत. त्र्यंबकेश्वर तालुक्यातील हिवाळी येथील जिल्हा परिषदेची शाळा वर्षभर सुट्टीविना चालते म्हणून राज्यभर ओळखली जाते. डोंगराळ भागातील या लहान पाड्यावरची शाळा पाहण्यासाठी बाहेरून शिक्षक व पालक येतात. अशा असामान्य परिश्रमांची अपेक्षा प्रत्येक शिक्षकाकडून करता येणार नाही. परंतु पाडा लहान, पालक गरीब आणि रस्ता दुर्गम असूनही शाळेवर विश्वास बसू शकतो, एवढे या उदाहरणावरून निश्चित म्हणता येते.

दरेवाडीचे महत्त्व

या पार्श्वभूमीवर दरेवाडीचा प्रसंग पुन्हा पाहिला असता त्याचे वेगळेपण लक्षात येते. येथील पालकांपुढे शाळा सोडून अन्यत्र जाण्याचा मार्ग नव्हता. पिवळी बस येत नव्हती आणि शुल्क भरण्याची ऐपत नव्हती. हर्शमन यांच्या परिभाषेत सांगायचे तर बाहेर पडण्याचे दार बंद होते म्हणून आवाज उठला. शिवाय शाळेतील मुलांची संख्या चाळीसच्या पुढे होती. वीसपेक्षा कमी पटाच्या चर्चेत ती शाळा बसतच नव्हती.

आणखी एक गोष्ट दुर्लक्षिता येणार नाही. नाशिक जिल्हा परिषद व नाशिक महानगरपालिका या दोन्हींच्या लोकनियुक्त सभागृहांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली होती आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकांकडे राहिला. म्हणजे दरेवाडीच्या पालकांनी ज्या संस्थेकडे धाव घेतली, त्या संस्थेत त्या वेळी त्यांच्या गटाचा निवडून आलेला सदस्यच नव्हता. शिक्षण समितीत प्रश्न विचारणारा कोणी नव्हता. पंचायत समितीचे सदस्यही नव्हते. लोकप्रतिनिधित्वाची मधली पायरी निखळल्यावर पाड्यावरील पालक आणि मुख्य कार्यकारी अधिकारी यांच्यामध्ये उरला तो केवळ रस्ता, आणि त्या रस्त्यावरून मुले शेळ्या घेऊन चालत गेली.

आंदोलन यशस्वी झाले हे खरे. परंतु त्यास जे यश आले ते घोषणेच्या वेगळेपणामुळे व वृत्तपत्रांच्या लक्ष देण्यामुळे आले. ज्या वस्त्यांना अशी घोषणा सुचत नाही किंवा ज्यांच्यापर्यंत वार्ताहर पोहोचत नाही, त्यांचे काय, हा प्रश्न शिल्लक राहतो.

शाळा व्यवस्थापन समिती : अधिकार व मर्यादा

पालकांचा आवाज रस्त्यावर येण्यापूर्वी ऐकला जावा यासाठी कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीची तरतूद केली आहे. कलम २१ नुसार या समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या सदस्य महिला असतात. दुर्बल व वंचित घटकांतील पालकांना प्रमाणशीर प्रतिनिधित्व देणे बंधनकारक आहे. महाराष्ट्रात अध्यक्ष पालकांमधून निवडला जातो व मुख्याध्यापक सचिव असतात. शाळेच्या कामकाजावर देखरेख, अनुदानाच्या विनियोगावर लक्ष आणि कलम २२ नुसार शाळा विकास आराखडा तयार करणे ही तिची कामे आहेत.

शिकागो शहराशी तुलना केली असता या समितीच्या मर्यादा स्पष्ट होतात. तेथे १९८८ च्या कायद्याने प्रत्येक शाळेसाठी स्थानिक परिषद निर्माण झाली. तीत सहा पालक, दोन रहिवासी, दोन शिक्षक व मुख्याध्यापक अशी रचना ठरविण्यात आली. मुख्याध्यापकाची निवड करणे व शाळेच्या स्वेच्छाधीन निधीचा आराखडा मंजूर करणे हे अधिकार या परिषदेला मिळाले. आपल्याकडील समितीला शिक्षक अथवा मुख्याध्यापक निवडण्याचा अधिकार नाही आणि तिच्या आराखड्यातील मागणी मंजूर करण्याचे बंधन कोणावर नाही. मात्र शिकागोचा पुढील अनुभवही बोधप्रद आहे. मे २०१३ मध्ये तेथील शिक्षण मंडळाने घटता पट व आर्थिक तूट ही कारणे देऊन सुमारे पन्नास शाळा बंद करण्याचा निर्णय घेतला. पालकांच्या तीव्र विरोधाचा उपयोग झाला नाही. शिकागो विद्यापीठातील संशोधकांच्या २०१८ च्या अभ्यासात, बंद होणाऱ्या शाळांतील मुलांच्या गुणांवर घोषणेच्या वर्षीच प्रतिकूल परिणाम झाल्याचे आढळले. दैनंदिन कारभारात पालकांना स्थान असूनही शाळा ठेवावी की नाही या निर्णयात ते नसेल, तर ते स्थान अपुरे ठरते.

आपल्याकडे समितीला असलेले मर्यादित अधिकारही वेळोवेळी वर-खाली होतात. गणवेश खरेदी हे त्याचे उदाहरण. पूर्वी समितीमार्फत होणारी ही खरेदी ‘एक राज्य एक गणवेश’ या धोरणाखाली २०२४-२५ मध्ये राज्यस्तरावर नेण्यात आली. गणवेश उशिरा मिळाले, मापे चुकली अशा तक्रारी झाल्यानंतर डिसेंबर २०२४ मध्ये हे काम पुन्हा समित्यांकडे सोपविण्याचा निर्णय झाला. मुलाचे माप गावात घेतले जाते, मंत्रालयात नव्हे, हा साधा धडा त्यातून मिळाला.

समितीच्या प्रत्यक्ष कामकाजातही अडचणी आहेत. बैठकीची वेळ शाळेच्या सोयीने ठरते आणि त्या वेळी मजुरीवर जाणारी माता उपस्थित राहू शकत नाही. इतिवृत्त आधी लिहून ठेवायचे आणि सही अथवा अंगठा नंतर घ्यायचा, ही पद्धत अनोळखी नाही. महिला सदस्यांची संख्या पूर्ण होते, पण त्यांचे म्हणणे इतिवृत्तात येतेच असे नाही.

तक्रार निवारणाची दुर्लक्षित तरतूद

शिक्षण हक्क अधिनियमातील कलम ३२ पालकांच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाचे असूनही कमी परिचित आहे. बालकाच्या हक्काविषयी कोणतीही तक्रार असलेल्या व्यक्तीस स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते. संबंधितांना म्हणणे मांडण्याची वाजवी संधी देऊन तीन महिन्यांत निर्णय देणे प्राधिकरणावर बंधनकारक आहे. निर्णय समाधानकारक नसल्यास राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते. महाराष्ट्रात हा आयोग २००७ पासून अस्तित्वात आहे.

शिक्षक नाही, शाळा दूर आहे, वर्गखोली धोकादायक आहे, मुलास प्रवेश नाकारला गेला, या सर्व बाबी या कलमाच्या कक्षेत येतात. परंतु शाळेला कुलूप ठोकणे किंवा पंचायत समितीच्या आवारात शाळा भरविणे हे मार्ग पालकांना जितके ठाऊक आहेत तितके कलम ३२ ठाऊक नाही. यात केवळ पालकांचा दोष नाही. कुलूप लावले तर दोन दिवसांत अधिकारी येतो आणि अर्ज दिला तर पोच मिळण्याचीही खात्री नसते, हा त्यांचा अनुभव आहे. अनुभवातून आलेला हा व्यवहार बदलायचा असेल तर लेखी तक्रारीस उत्तर मिळते हे आधी सिद्ध व्हावे लागेल.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१. घटती पटसंख्या ही गरज संपल्याची खूण मानता येत नाही. ती बहुधा रिक्त पदे, अंतर, माध्यम आणि शिकण्याची पातळी यांविषयीच्या अनुत्तरित तक्रारींची परिणती असते.

२. ऐपत असलेले पालक शाळा सोडतात आणि ऐपत नसलेले मागे राहतात. त्यामुळे सार्वजनिक शाळेस सर्वाधिक आवाजाची गरज असते तेव्हाच तिचा आवाज सर्वांत क्षीण झालेला असतो.

३. शाळा बंद अथवा एकत्र करण्याच्या प्रस्तावासोबत पट घटण्याच्या कारणांचा, रिक्त पदांच्या कालावधीचा व पावसाळ्यातील प्रत्यक्ष वाटेचा अहवाल असणे आवश्यक आहे. शाळा व्यवस्थापन समितीची सुनावणी त्याच वस्तीवर, पालकांना सोयीच्या वेळी व्हावी आणि तिचे इतिवृत्त वाचून दाखवावे.

४. कलम ३२ खालील तक्रारींची दिनांकासह नोंदवही प्रत्येक गटशिक्षणाधिकारी कार्यालयात व महानगरपालिकेच्या शिक्षण विभागात ठेवली गेल्यास तीन महिन्यांच्या मुदतीस अर्थ प्राप्त होईल.

समारोप

महाविद्यालयीन प्राध्यापकांचा या प्रश्नाशी संबंध दूरचा नाही. प्रथम वर्षाच्या वर्गात अर्ज लिहिताना अडखळणारा विद्यार्थी अनेकदा अशाच दोन शिक्षकी शाळेतून आलेला असतो, आणि जे तेथवर पोहोचलेच नाहीत त्यांची नावे महाविद्यालयाच्या हजेरीपटावर कधी येतच नाहीत. राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे ज्या गावांत होतात, त्या गावांत शाळा व्यवस्थापन समितीची इतिवृत्ते वाचणे, पालकांना कलम ३२ समजावून सांगणे आणि तक्रारीचा अर्ज लिहिण्यास साहाय्य करणे ही कामे महाविद्यालयांच्या सहज आवाक्यातील आहेत. समाजशास्त्र, राज्यशास्त्र व अर्थशास्त्र या विषयांच्या प्रकल्पांसाठी ही इतिवृत्ते व नोंदवह्या मौलिक साधने ठरू शकतात.

दरेवाडीच्या मुलांनी दप्तर परत देण्याची भाषा केली, ती दप्तर हवे होते म्हणूनच. शाळा हवी असणाऱ्या पालकांना ते सांगण्यासाठी पुन्हा कोणा वस्तीतून शेळ्या घेऊन नाशिकपर्यंत यावे लागू नये, ही स्थानिक स्वराज्य संस्थांची कायदेशीर जबाबदारी आहे.